आजी आमूला, आमू आजीला

माया मुळातच कमी बोलणारी. लग्न होऊन कल्याण पूर्वेला आमच्या चाळीत आली, त्यानंतर कित्येक महिने आम्हा शेजाऱ्यांना तिचा आवाज धड माहीत नव्हता. सासू भीमाबाई कौतुकाने सांगायच्या, "एका शब्दात भागत असेल तर माझी सून दुसरा खर्च करत नाही." माया दाराशी मशीन मांडून ब्लाउज शिवायची आणि गिऱ्हाइकाशी मापापुरतं बोलायची. नवरा रत्नदीप माजिवड्याच्या एका सोसायटीत इलेक्ट्रिशियन. त्यालाही ही शांतता आवडायची.

मग त्यांना मुलगी झाली, आम्रपाली. सगळ्यांची आमू. ती वर्षाची झाली तेव्हा चौदा एप्रिलची मिरवणूक आमच्या गल्लीत आली. ताशे कडाडले तशी चाळीतली सगळी बारकी पोरं दचकून आयांना बिलगली. आमू बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती, ती तशीच झोपून राहिली. मायाने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं.

आमूला ऐकू येत नव्हतं. तपासण्या, कागदपत्रं, हेलपाटे यांत दीड-दोन वर्षं गेली. शेवटी सरकारी योजनेतून तिच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि कानामागे छोटं यंत्र बसलं. आता पोर बोलणार, म्हणून भीमाबाईंनी चाळभर पेढे वाटले. पण यंत्राने फक्त आवाज दिला. कुकरची शिट्टी झाली की आमू घाबरून रडायची, यंत्र ओढून फेकायची. शब्द एकही नाही.

ठाण्याला प्रीती मॅडमकडे वाचा शिकवण्याचे धडे सुरू झाले. आठवड्यातून दोनदा माया तिला घेऊन जायची. मॅडमनी महिनाभर दोघींना नुसतं पाहिलं आणि एकदा मायाला समोर बसवलं.

"ती बोट दाखवते आणि तुम्ही वस्तू देता. मग ती बोलेल कशाला?"

मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतः दिवसभरात किती बोलता? तिने ऐकायचं कोणाचं?"

घरी येऊन माया मशीनवर बसली आणि बोलायला लागली. आधी तिलाच अवघडल्यासारखं होई. सुईत दोरा ओवते. दोरा तुटला. आता बाही जोडते. बाही छोटी झाली, उसवते. पोळी लाटताना, केर काढताना, नळाशी रांगेत उभी असताना, जे हात करतील ते तोंड सांगायचं. चाळीतल्या काही बायका हसल्या. एकीने तर भीमाबाईंना विचारलं, सुनेला काही झालंय का? मायाने ते ऐकलं आणि भाजी निवडता निवडता आमूला भाजीबद्दल सांगत राहिली.

बोलणं सोपं होतं, न देणं अवघड. आमू माठाकडे बोट दाखवायची आणि माया पेला हातात धरून थांबायची. "पाणी. पाणी दे, म्हण." आमू रडायची, पाय आपटायची. एके दुपारी भीमाबाईंचा धीर सुटला.

"लेकराला तहानेनं रडवतेस? आई हायेस का कोण?"

"आत्या, आज मी नुसतं बोटावर पाणी दिलं तर तिला जन्मभर बोटच दाखवावं लागेल," माया म्हणाली. पेला तिने खाली ठेवला नाही.

त्या दिवशी आमू "पा" म्हणाली. मायाने लगेच पेला तिच्या ओठाला लावला. पुढे "पा"चं पाणी झालं, मग चप्पल, पोळी, बाबा. वर्षभरात पुष्कळ शब्द जमले, पण सुटे सुटे. आमूला पोळी माहीत होती, आजी माहीत होती. कोणी कोणाला काय दिलं, ते सांगता येत नव्हतं. शब्दाच्या शेवटी येणारे 'ने' आणि 'ला' इतके बारीक वाजतात की तिच्या कानातून ते निसटून जायचे. मॅडम म्हणाल्या, हे दिसलं पाहिजे, घडलं पाहिजे.

त्याला दोघी पुरत नव्हत्या, तिसरं माणूस हवं होतं. माया सासूसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, तुमच्याशिवाय हे वाक्य पुरं होत नाही."

मग संध्याकाळचा तो खेळच झाला. भीमाबाई शेंगदाणा द्यायच्या आणि माया म्हणायची, "आजी आमूला दाणा देते." मग आमू दाणा परत करायची. "आमू आजीला दाणा देते." पुढे वाक्य आमूनेच म्हणायचं. 'ला' इकडचा तिकडे गेला की दाणाही तिकडे. आमूचं चुकलं तर दाणा चुकीच्या तोंडात जायचा आणि आजी तो चावून टाकायची. आमूला ते मुळीच खपायचं नाही. महिना-दोन महिन्यांत ती 'ला' असा ठासून म्हणायला लागली की आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

तरी हे सगळं शिकवलेलं होतं. तिचं स्वतःचं वाक्य अजून आलं नव्हतं.

ते आलं एका सकाळी. ठाण्याला निघायची वेळ झाली होती. माया तिला बूट घालत होती. आमूने पाय मागे घेतला, गोधडीत शिरली आणि म्हणाली, "तू जा. मी आजीजवळ झोपणार."

हे वाक्य तिला कोणी दिलं नव्हतं. रत्नदीपने डोळे पुसले. भीमाबाई म्हणाल्या, एवढं बोलली पोर, आज राहू दे तिला. माया आमूशेजारी खाली बसली, तिला पोटाशी घट्ट धरलं, हसली, रडली आणि मग दुसरा बूटही चढवला.

"मॅडमना हेच सांगायचं," ती म्हणाली. "चल."

आमू ठाण्यापर्यंत रुसून बसली होती आणि मॅडमसमोर तिने तेच वाक्य रागाने पुन्हा म्हटलं.

आज आमू मराठी शाळेत दुसरीत आहे. काही अक्षरं अजून अडखळतात. वर्गातल्या एकाने यंत्रावरून चिडवलं तेव्हा तिने बाईंकडे जाऊन सगळं सविस्तर सांगितलं, कोणी कोणाला काय म्हटलं ते.

माया आता शनिवारी अशाच एका आईला शिकवायला टिटवाळ्याला जाते. तिथल्या एका नव्या इमारतीत सूरज नावाचा तीन वर्षांचा मुलगा आहे, नुकतंच यंत्र बसवलेला. त्याची आई संचिता पहिल्या दिवशी म्हणाली, "मला नाही जमणार हो ताई. मला बोलायलाच सुचत नाही."

"मी आले तेव्हा काय करत होतीस?"

"काही नाही. कपडे वाळत घालत होते."

"मग बादली उचल," माया म्हणाली, "आणि त्याला सांग, कोणाचा शर्ट आहे ते."