अकरा कोपी आणि चौथं कलम

शिंदी सोडण्यासाठी माझ्या धाकट्या चुलत्यांनी ज्याची शपथ घेतली नाही असा एकही देव आमच्या शिवारात उरला नव्हता. मी वाढवून सांगत नाही. पहिली शपथ गावच्या महादेवाची. ती पाच दिवस टिकली. मग खंडोबा झाला, मारुती झाला, शेजारच्या गावचा पीर झाला. मठातल्या स्वामींच्या पायावर हात ठेवून घेतलेली शपथ एकवीस दिवस टिकली, आणि एवढे दिवस टिकली याचं कौतुक म्हणून मित्रांनीच त्यांना गुत्त्यावर नेलं.

आमचं गाव मुरुम गावापासून अडीच कोसांवर. ओढ्याच्या दोन्ही काठांना शिंदीची झाडं. झाडाला खाच पाडून मडकं बांधायचं, रस झिरपत राहतो, दुपारपर्यंत तो फेसाळतो आणि संध्याकाळी माणसं फेसाळतात. राज्य निजाम सरकारचं होतं. शाळा उर्दूत असल्यामुळं गावातली निम्मी पोरं ती सोडून गुरांमागं गेली. गुत्त्याला मात्र भाषेची अडचण कुणाला आली नाही.

काका वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेल. कडब्याची गंजी त्यांच्यासारखी रचणारा आसपास नव्हता. पावसाचा थेंब आत जायचा नाही. पण गंजी रचून झाली की मालक खूश होऊन त्यांना शिंदी पाजायचा, आणि पुढचे आठ दिवस काका कुणालाच सापडायचे नाहीत. एकदा असेच आठ दिवसांनी आले आणि शिंदीपायी विकायला घराचं दार काढून घेऊन गेले. सागवानी दार होतं, दोन फळ्यांचं. काकू रानातून आली तर घराला नुसती चौकट. दोन दिवसांनी काका डोळे चोळत परतले तेव्हा ती चौकटीत उभी होती.

"आत येऊ?" काकांनी विचारलं.

"कुठून येता? दार हाय का?"

त्या दिवसापासून काका घराबाहेर. चार वर्षं. उन्हाळ्यात वेशीतला ओटा, पावसाळ्यात पिराच्या दर्ग्याची पडवी, बाजाराच्या दिवशी कुणाच्यातरी गाडीखाली, आणि हिवाळ्यात मुरुमच्या वाटेवरचं गुऱ्हाळ, कारण तिथल्या चुलवणाची राख दिवस उगवेपर्यंत गरम असते. गावातली माणसं चेष्टेनं म्हणायची, "सरकारांचे बंगले चार, जहागीरदाराला बी येवढे न्हाईत." काका स्वतःही हसायचे. मी एकदा पाहिलं, हसताना ते आमच्या गल्लीकडं बघत होते.

मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात इंटरला होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा पहिलाच. त्यामुळं मला आता सगळं कळतं असं घरच्यांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं मलाही. दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा काका ओढ्याकाठी बसले होते. मला बघून त्यांनी हातातलं मडकं मागं लपवलं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. लपवायचं तर मी लपवायला हवं होतं.

"काका, घरी जावंसं वाटत न्हाय का?" मी विचारलं.

त्यांनी लपवलेलं मडकं पुढं आणून खाली ठेवलं. मग म्हणाले, "वाटतंय रे. पर शपथ घ्यायला देवच शिल्लक न्हाय."

मी सरळ काकूकडं गेलो. ती तूर पाखडत होती. मी पुष्कळ बोललो; काय बोललो ते आता आठवत नाही, पण त्यात 'सुधारणा' हा शब्द तीन-चार वेळा आला असावा. काकूनं सूप खाली ठेवलं.

"हे बघ, मला लई समजत न्हाय. येळवशीपत्तूर त्येंनी त्या झाडाच्या रसाला तोंड लावलं न्हाय, तर कोपीत येऊन पंगतीला बसू देत. मग घराचं बघू. आन् लावलं असंल, तर परत माझ्या म्होरं त्येंचं नाव काढू नगंस. तू बी."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभी करायची, आत पांडवांचे पाच दगड मांडून पूजायचे, मग पालेभाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडकंभर अंबील. ताक आणि ज्वारीचं पीठ आदल्या दिवसापासून मुरवून केलेली ती आंबट अंबील नसेल तर येळवस नाही. कोप ज्याची त्याची असते. ज्याला कोप नाही त्याला लोक आपल्या कोपीत बोलावतात, पोटभर वाढतात, पण तो पाहुणाच. चार वर्षं काका पाहुणे होते.

दिवाळीपासून येळवस दोन महिन्यांवर. देव संपले होते, म्हणून मी कागद केला. वहीचं पान फाडून शाईनं चार कलमं लिहिली. एक, शिंदी घेणार नाही. दोन, दारू घेणार नाही. तीन, गांजा ओढणार नाही. इथवर ठीक होतं. पण कॉलेजात नुकतंच आम्हाला गुळाचं पाणी आंबवून दाखवलं होतं. नळीतून बुडबुडे आले, चुन्याची निवळी पांढरी झाली, आणि सरांनी सांगितलं की मद्य म्हणजे दुसरं काही नाही, ते हेच. मला ते एवढं पटलं होतं की मी चौथं कलम घातलं: आंबलेलं कोणतंही पेय घेणार नाही.

मी वाचून दाखवलं. काकांची उर्दू तिसरी झाली होती. मराठी अक्षर त्यांना लागत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं आणि पाठ केलं. मग उर्दूत सही करून कागद पटक्यात खोचला.

"देवापरीस ह्ये बरं," ते म्हणाले. "देव बघत असतोय का न्हाय, कळत न्हाय. कागद डोस्क्यावरच हाय."

सुट्टीचे दहा दिवस मी त्यांच्याबरोबर काढले. पहिले चार वाईट गेले. हात इतके थरथरायचे की चहा बशीतून पैरणीवर. दिवस कलताना, माणसं प्यायला बसायच्या वेळेला, त्यांचे पाय आपोआप ओढ्याकडं वळायचे. एकदा त्यांनी मला सांगितलं, "माझे पाय बांध." मी म्हणालो, काका, असं कसं बांधू. "आरं, कालेजात शिकतोस न्हवं? बैलाचे बांधता येत्यात, मानसाचे न्हाय?" शेवटी आम्ही दोघं उलट दिशेनं चालत सुटलो. अंधार पडायच्या आत पार मुरुमच्या वेशीपर्यंत. त्यांचे पाय दुखत होते आणि माझे जास्त. सहाव्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली. सुट्टी संपली तेव्हा ते गुऱ्हाळावर चुलवणात पाचट सारायच्या कामाला लागले होते, आणि मी सोलापूरला निघालो, मनात थोडा घाबरून आणि थोडा फुशारून.

नाताळच्या सुट्टीत परत येताना, निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकात नाक्यावर जवानानं माझी ट्रंक उघडली, रसायनाचं पुस्तक उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "इसमें क्या बनाते?" काहीच नाही, असं मी म्हणालो. ते खोटं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

घरी पोचलो तो येळवशीचा आदला दिवस. गुऱ्हाळवाल्याचा निरोप आला होता: तुमच्या माणसानं दोन महिन्यांत शिंदीकडं बघितलंसुद्धा नाही, उद्या सकाळी निघतोय.  काकूनं उंडे करायला पीठ घेतलं ते नेहमीपेक्षा जास्त घेतलं.

सकाळी आम्ही गड्याला घेऊन गाडीनं रानात गेलो. कोप केली, पूजा झाली, पिकांवर अंबील शिंपडून झाली. गुऱ्हाळापासून आमचं रान दोन कोस. माणूस नऊला निघाला तर साडेदहाला पोचतो. अकरा वाजले असतील, बारा वाजले असतील. उन्हं डोक्यावर आली. शेजारच्या रानातले लिंगायत मालक दोनदा बांधावर येऊन आपल्या कानडीमिश्रित बोलीत "बर्री, बर्री, जेवायला चला" म्हणून गेले. काकू म्हणाली, "आमी जरा दम धरतो." तिनं काकांचं पान मांडून ठेवलं होतं, त्यावर माशा बसत होत्या आणि ती पदरानं वारत होती.

दोन वाजून गेल्यावर काका दिसले. करडईच्या कडेनं येत होते. पटका सुटून गळ्यात आला होता. चार पावलं इकडं, दोन तिकडं. बांध चढताना खाली बसले, उठले, परत बसले.

"आले की सरकार!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "झोकांड्या खात आले! आज सणाची जरा जास्त झाली वाटतं!"

शिवारभर हसू पसरलं. काकूनं काका बसलेल्या बांधाकडं एकदा पाहिलं. मग अंबिलीच्या मडक्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "बैलं जुंपा. चला घरी."

मी धावत बांधावर गेलो. काकांचे ओठ कोरडे पांढरे पडले होते. तोंडाला कसलाही वास नव्हता.

"काका, काय घेतलं?"

"काय न्हाय घेतलं रे," ते म्हणाले. "त्योच घोळ झाला. वाटंत अकरा कोपी लागल्या. परतेकानं हाक मारली. गेलं की पैली अंबील हातात. म्या म्हनलं, नको. तर त्यो म्हनतोय, आमच्या हातची चालत न्हाय व्हय? अंबील नको म्हनल्यावर जेवान कसं मागायचं? दोघं तर रुसले. मग म्या वाटच सोडली. वड्यानं, खडकातनं, लांबून लांबून. कालपासनं उपाशी हाय, म्हनलं पैला घास घरच्या कोपीत खायचा."

"पण अंबील का नको म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू कागद लिहिणाऱ्यालाच कागद माहीत नाही. "चौथं कलम," ते म्हणाले.

त्या क्षणी मला जमिनीत जावंसं वाटलं. कोपीपर्यंत त्यांना खांद्याला धरून आणलं. गडी बैल जुंपत होता. काकूसमोर उभा राहून मी सगळं सांगितलं: बुडबुडे, निवळी, चौथं कलम. सांगताना मला ते फार मूर्खपणाचं वाटत होतं आणि थांबताही येत नव्हतं. शेवटी म्हणालो, "काकू, ते प्यालेले नाहीत. उपाशी आहेत. चूक माझी आहे."

काकूनं ऐकून घेतलं. "म्हंजी ही अंबील बी शिंदीच?"

"तसं नाही, पण आंबण्याची क्रिया…"

"मंग मी गुत्तेवाली झाले. आन् तुझी आज्जी, तिची आय, सगळ्याच गुत्तेवाल्या." गडी हसू दाबायला बैलाच्या पलीकडं गेला. "कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?"

तिनं झाकण काढलं, वाटी भरली आणि काकांपुढं धरली. चार वर्षांत ती त्यांच्या एवढ्या जवळ गेली नव्हती. काकांचा हात पुढं आला आणि थांबला.

"कागद हाय," ते म्हणाले. "सही हाय माझी."

"कुठं लिव्हलंय ते?" काकूनं मला विचारलं. "दाव."

काकांनी पटक्यातून कागद काढून दिला. दोन महिन्यांच्या घामानं तो मऊ पडला होता. मी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. काकूनं आपलं बोट अंबिलीत बुडवलं आणि त्या ओळीवरून घासलं. ओळ गेली. तिच्याबरोबर तिसरी गेली, मग शाई पसरत वर चढली आणि सगळा कागद निळा-पांढरा होऊन तिच्या हातात लोंबायला लागला.

"काय ऱ्हायलं आता?" तिनं विचारलं.

"काहीच नाही, काकू. सगळंच पुसलं गेलं."

"न्हाय," काका म्हणाले. "पैलं कलम ध्यानात हाय माझ्या." आणि त्यांनी वाटी घेतली.

सात वाट्या अंबील आणि नऊ उंडे. मी मोजले, कारण काकूही मोजत होती. मग ते कोपीच्या सावलीत आडवे झाले.

पुढं त्यांनी कधीच शिंदीला हात लावला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. उन्हाळ्यात ते दोनदा घसरले. दोन्ही वेळा काकूनं पुढची अमावस्या सांगितली आणि दोन्ही वेळा ते तोवर थांबले. पण त्या संध्याकाळी आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं. दिवस मावळायला आला, गाडी निघाली, काकूनं "चला" म्हणून हाक मारली. काका उठले, गाडीपर्यंत आले आणि परत फिरले.

"आज इथंच ऱ्हातो," ते खाली बघत म्हणाले. "घरात छपराखाली झोप यायची न्हाय मला. सवय मोडलीय. कोप बरी."

काकूनं वाद घातला नाही. गाडीतलं घोंगडं आणि रिकामी कळशी काढून कोपीत ठेवली. "सकाळी भाकरी आणते," एवढंच म्हणाली.

सकाळी तिच्या मागं मीही गेलो. कोपीत घोंगडं घडी घालून ठेवलं होतं. काका नव्हते. कळशीही नव्हती. काकू भाकरीचं फडकं हातात धरून उभी राहिली. ओढा तिथून हाकेच्या अंतरावर होता, आणि झाडांवरची मडकी उतरायची वेळ झाली होती.  मी काही बोललो असतो तर ते पुन्हा कॉलेजातलंच झालं असतं.

तेवढ्यात तुरीतून काका आले. खांद्यावर कळशी, काठोकाठ. कोपीपाशी आले, कळशी खाली ठेवली आणि बाजूला झाले. काकूनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती वाकली, ओंजळ भरली आणि प्याली.

"पाणीच हाय," ती म्हणाली, आणि भाकरीचं फडकं सोडलं.