घुंगुरमाळेचा फोन

"इकायची न्हाई. ठिव!"

आमच्या घरमालकांचं फोनवरचं बोलणं एवढ्यातच संपायचं. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. भूगावात तेव्हा जमिनीचे एजंट गुळावरच्या माश्यांसारखे घोंगावत होते आणि काकांच्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर सगळ्यांचा डोळा होता. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, हिंजवडीला नोकरीला जायचे.

काकांना चष्म्याचा तिटकारा, फोनवरचं नाव वाचायचे नाहीत. म्हणून साताऱ्याला दिलेल्या त्यांच्या लेकीच्या नंबराला मी वेगळा आवाज लावून दिला. त्यांनी गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ हलवली, मी ती फोनमध्ये रेकॉर्ड केली.

"आता घुंगरं वाजली की उचलायचा. बाकीचे ग्येले खड्ड्यात!" काका खूश झाले.

आठवड्यात खालून बोंब. "ओ म्याडम! कुनी हात लावला फोनला? पोरीचा फोन आला नि त्योच कंपनीचा बाजा वाजला!"

मी पुन्हा घुंगरं लावली. चार दिवसांनी पुन्हा कंपनीचा बाजा, म्हणजे फोनची मूळचीच रिंगटोन. संशय कधी काकींवर, कधी मोबाइलच्या दुकानदारावर, बहुतेक वेळा माझ्यावर. "कसली इंजिनेर तुमी? साधी घुंगरं ऱ्हाईनात तुमच्याच्यानं!" पाण्याची मोटर बंद पडली तरी इंजिनिअर मीच, मिक्सर जळला तरी मीच. असे घरमालक तुम्हीही पाहिले असतील. माझंही डोकं फिरायचं. मी परभणीची, आमचा आवाज काही बारीक नसतो. दोघं भांडायला लागलो की काकी म्हणायच्या, "दोगंबी गप बसा, च्या प्या."

लेकीचं दुसरं बाळंतपण सासरीच होतं. दिवस भरले होते. काका फोन क्षणभरही दूर ठेवत नव्हते. आणि नेमका तिचा फोन आला तेव्हा कंपनीचा बाजा वाजला! एजंट समजून त्यांनी तो तोडला. पुन्हा वाजला, पुन्हा तोडला. तिसऱ्यांदा फोनच बंद करून टाकला. पोरगी अडली होती, रक्त द्यावं लागलं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं. वर विहीणबाईंचा टोमणा: "लेक मरायला टेकली आन बाप फोन तोडतोय."

लेक नि बाळ सुखरूप होती. पण काका तरातरा जिना चढून आले. "तुमच्यामुळं झालं ह्ये समदं! माझी पोर मला हाका मारीत हुती..." तेवढ्यात हातातला फोन वाजला. एजंट.

"इकायची न्हाई. ठिव!" म्हणत त्यांनी नखानं मागचं झाकण उचकटलं आणि बॅटरीच उपटली. बटण दाबून फोन बंद करायचा धीर त्यांच्यात नव्हता. बॅटरीखालचं नखाएवढं मेमरी कार्ड पायरीवर पडलं. ते त्यांनी कसंतरी परत कोंबलं.

"काका!" मी किंचाळलेच. "घुंगरं त्या कार्डात आहेत! तुम्ही बॅटरी उपटता, ते निखळतं, मग फोनला घुंगरं सापडत नाहीत नि तो आपला बाजा वाजवतो. तुमचा रागच लेकीचा फोन तोडतोय!"

"मग फोनातच ठिवा की घुंगरं."

"मावत नाहीत हो त्यात!"

काका खाली जाऊन सुतळी घेऊन आले. माझ्याकडून कार्ड नीट बसवून घेतलं, फोनला उभी-आडवी सुतळी गुंडाळली आणि मागच्या झाकणावर दाव्याची मारतात तशी घट्ट गाठ मारली. "आता माझ्याच हाताला उपटता यायचा न्हाई."

त्यानंतर एजंट दिवसभर वाजायचे, काका दिवसभर शिव्या घालायचे, पण फोन कधी बंद झाला नाही. घुंगरं वाजली की मात्र अंगणातून वेगळाच आवाज यायचा. "बोल गं बाय, हाय मी."

पुढं मी नांदे गावात राहायला गेले. काका गेल्याचं तिथंच कळलं. दहाव्याला गेले तर लेक ओसरीवर बसली होती, काकांचा फोन मांडीवर. सुतळी मळून काळी झाली होती. अचानक कंपनीचा बाजा वाजला. तिनं उचलला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "त्या रस्त्याकडेच्या तुकड्याचं आता काय ठरलं मग?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांना दहा दिवस दम निघू नये? मी फोन हिसकावायला हात पुढं केला.

"इकायची न्हाई. ठिव!" लेक कडाडली. तोच आवाज. तिचं नख तसंच झपकन मागच्या झाकणाकडं गेलं आणि गाठीवर अडलं.