टंचाईचा खण

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका ग्रंथालयात जुन्या दुष्काळांवरचे सरकारी अहवाल शोधत होतो. विषयवार कार्डांच्या कपाटातला 'द'चा खण सगळा उपसला, पण हाती लागल्या त्या कादंबऱ्याच.

आणि समोरच्या टेबलावर, पंख्याखाली, पारनेरकडचा एक एम.ए.चा विद्यार्थी अहवालांच्या चळतीमागे जवळजवळ दिसेनासा झालेला. ग्रंथपाल त्याच्याशी हसून बोलायचे. मला साधं ओळखतही नव्हते.

खण उघडण्याआधी तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, जेवणाआधी श्लोक म्हणावा तसं. मग एकच खण ओढायचा आणि नेमकं कार्ड काढायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी विचारलंच, "मंत्र म्हणता की काय?"

तो मोठ्यानं हसला. "मंतर कसला, मास्तर! दुष्काळ आपुन म्हनतो. सरकार टंचाई म्हनतं. ज्यानं लिवलं त्याचा शब्द आठवायचा, आपला न्हाई."

मी 'ट'चा खण ओढला. टंचाईची कार्डं दाटीवाटीनं बसली होती आणि त्याच्या बोटांनी कडा मळल्या होत्या. टंचाईचे सरकारी हुकूम शाळेच्या भिंतीवर मीच तर चिकटवत होतो! तरी हे सुचावं त्याला?

घरी गेल्यावर हे सगळं सांगितलं, तेव्हा बायकोनं विचारलं, "कसा आहे हो तो मुलगा?"

"आगाऊ," मी म्हणालो.

खरा शब्द 'ह'च्या खणात होता. तो मी उघडलाच नाही.