ताणावरचं डाळिंब

सिंगापूरला पानगळ नाही. इथली झाडं बारा महिने हिरवीगार, आणि मला त्या हिरवेपणाचा संताप येतो. अपवाद एकच, बुओना व्हिस्टाच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतलं डाळिंब. एका ऑक्टोबरात ते पिवळं पडलं, कारण माझ्या वडिलांनी त्याला पिवळं पाडायचं ठरवलं होतं.

आई गेल्यावर आप्पांना मी इकडे आणलं. त्यांनी आता कायमचं राहावं एवढीच माझी इच्छा होती. नवऱ्याला विचारलं की तो "बघू" म्हणायचा, आणि त्याचं बघू म्हणजे भिजत घोंगडं. आप्पा सांगोल्याला शाळेत शिकवायचे, पण सगळा जीव घरामागच्या डाळिंबांत. आमचं डाळिंब नर्सरीतून आणल्यापासून नुसतं पाल्याने माजलेलं, फुलाचं नाव नाही. एकदा जेवताना मी राहण्याचा विषय काढला तर आप्पा हसून म्हणाले, "याला फूल आलं तर राहीन. माझ्या हाताचं इथलं झाड ऐकतं का, ते तरी कळू दे." नवराही हसला आणि त्याने त्यांच्या पानात आग्रहाने आणखी एक पोळी वाढली.

मग आप्पांनी झाड ताणावर सोडलं. आमच्याकडे डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात. पानं पिवळी होऊन गळतात. मग छाटणी करायची, माती उकरून शेणखत घालायचं आणि पाणी सोडायचं, की झाड फुलतं. रोज नाश्ता झाला की आप्पा कुंडीत बोट खुपसून माती बघायचे. पहिली पानं पिवळी झाली तेव्हा माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजोबा, धिस ट्री डाइंग ऑलरेडी लाह!" आप्पा खूश. मीही ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी पानांचा रंग बघायचे.

पण पिवळेपणा तिथेच थांबला. पानं गळेनात, उलट शेंड्यांना तांबूस पालवी फुटली. एक दिवस आप्पा म्हणाले, "इथली हवा दमट, झाड ताण घेत नाही. माझं तिकीट काढ." मी रडले, भांडले. त्यांनी ऐकलं नाही. विमानतळावर नवऱ्याने त्यांना वाकून नमस्कार केला. जावई असावा तर असा, असं बघणारा कुणीही म्हणाला असता.

त्यानंतर रागाने मी कुंडीकडे बघतच नव्हते. लक्ष गेलं तेव्हा झाड उघडंबोडकं आणि बाल्कनीभर पिवळ्या पानांचा सडा. हवा तीच, दमट. मग आता कसा बरा ताण बसला? नवऱ्याचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तो आम्ही उठायच्या आत निघायचा. रात्री त्यालाच विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "निघताना मी घालायचो थोडं पाणी. वाळत होतं बिचारं. आप्पा गेल्यावर सोडलं."

बिचारं! लग्नापासून या माणसाने कधी तुळशीला तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलं नाही.

मी छाटणी केली, खत घातलं, पाणी सोडलं. झाड लालभडक फुललं. आप्पांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, मग फोन करून सगळं सांगितलं आणि नवऱ्याबद्दल तोंडाला येईल ते बोलले. आता परत या म्हटलं.

"त्याला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"रोज बोट घालून बघायचो ना. माती ओली लागायची. पाणी तू घालत नव्हतीस, एवढं मला कळत होतं, पोरी."