दादाने भरलेली हवा

फाट्यावरचा पंक्चरवाला माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची ट्यूब बाहेर ओढतो आणि दरवेळी कपाळाला हात लावतो. "ताई, हिच्यात ट्यूब कमी अन् ठिगळं जास्त. नवीन टाकून घ्या ना बाप्पा."

"पंक्चर काढाले सांगितलं, सल्ला नाही इचारला," मी म्हणते. तो हसतो. त्याला वाटतं मी चिक्कू आहे. वाटू दे. एसटी यायची वेळ झालेली असते, फाट्यावर उभं राहून कोणाकोणाला घरची गोष्ट सांगत बसू?

सायकल दादाची. जुनी ठिगळंही त्यानेच लावलेली, एक सोडून.

आम्ही धानवाले. मासे धरणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, पुनर्वसनात आम्हाला प्लॉट मिळाला, घर उभं राहिलं, पण बांध्या, म्हणजे धानाची आमची खाचरं, पाण्याखालीच राहिल्या. दादा मग दुसऱ्याच्या डोंग्यात बसून जाळं टाकायला शिकला. हात चांगला बसला, डोकं मात्र शेतकऱ्याचंच राहिलं. पिढीजात मासे धरणारे पाणी बघून जाळं टाकत, हा जमीन आठवून टाकायचा. काठावरची टेकडी आणि पलीकडचा मोबाइलचा टॉवर यांच्यामधून नजर लावायचा, डोंगा थोडा इकडेतिकडे करायचा आणि म्हणायचा, ही आपली मोठी बांधी. आपल्या बांधीतला मासा आपला, असा त्याचा हिशोब होता. बाकीचे त्याला हसत. मीही हसले आहे.

त्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, मोहाचं झाड होतं. आम्ही त्याच्याखाली बसून भाकर खायचो. ते पाण्याखाली तसंच उभं होतं, आणि एका सकाळी दादाचं जाळं त्यात अडकलं. तो सोडवायला खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्याला वर काढलं.

माणसं त्याला घेऊन आली आणि मागून कोणीतरी काठावर लावलेली त्याची सायकलही आणली. घरात रडारड चाललेली, आणि आई उठून अंगणात गेली. मला वाटलं तिला चक्कर येणार. ती सायकलपाशी बसली, मागच्या टायरवर तिने अंगठा दाबला आणि म्हणाली, "हवा हाय. त्यानंच भरली होती काल."

भरली होती हे खरं. मी डबा बांधत होते आणि अंगणात पंपाचा आवाज चालू होता. त्या चाकातून हवा हळूहळू जायची. कुठून जाते ते दादाला काही सापडत नव्हतं. तो रोज सकाळी पंप मारायचा आणि बाबा रोज सकाळी चिडायचे. "नवीन ट्यूब टाक ना बे. किती दिवस फुकून राहाशील?" दादाचं उत्तर ठरलेलं, "अजून चालते जी." बाबा कारखान्यात कामाला जायचे तेव्हापासून त्यांना नव्याचा सोस. दादा फाटकी चप्पलही तारेने शिवायचा. त्या सकाळीही त्यांच्यात हेच बोलणं झालं. शेवटचं बोलणं ते. ट्यूबवरून.

तेरवी झाली तरी आईने सायकलला कोणाला हात लावू दिला नाही. पंप खिळ्याला टांगलेला तसाच राहिला. ती रोज सकाळी उठायची, अंगठा दाबून बघायची आणि मगच चूल पेटवायची. चाकात दादाची हवा आहे तोवर तो पुरता गेलेला नाही, हे तिने मनाशी धरलं होतं. बोलली कधी नाही, पण मला तिचा अंगठा दिसत होता. आणखी एक गोष्ट झाली. साचलेल्या पाण्याकडे बघणं तिने सोडलं. नळाची धार चालायची. बादली भरली की तोंड फिरवायची. घमेलं भरून ठेवलेलं दिसलं तर ओतून टाकायची.

मी वाट बघत होते टायर बसण्याची. आठवड्यात बसेल, आई एकदाची मोकळं रडेल, आणि आमचं घर पुढे सरकेल. मी तशी रोखठोक आहे, मला हे असलं लोंबकळत राहणं सोसत नाही.

टायर बसला नाही. दिवाळी अंधारात काढली, थंडी गेली, टायर कडक. जो टायर दादा जिवंत असताना दुसऱ्या दिवशी मऊ पडायचा, तो आता दगड. मी आई नसताना जाऊन दाबून बघायची. पंप उतरवून बघितला, त्याच्या मुठीवर कोळ्याने जाळं केलेलं, धूळ बसलेली. पंपाला कोणी हात लावलेला नव्हता हे उघड होतं. आणि तरी मला कधी दुपारी, कधी सकाळी न्हाणीत असताना, अंगणातून आवाज यायचा. फस्, फस्, फस्. बाहेर यावं तर कोणी नाही, सायकल भिंतीला टेकलेली.

मला भीती वाटायला लागली. सख्ख्या भावाची भीती वाटते याची लाजही वाटायची. अंगणातून जाताना मी त्या भिंतीपासून लांबून जायची. मनात म्हणायची, दादा, नको ना रे येऊस, आणि लगेच रडू यायचं, कारण येऊ नको असं तरी कसं म्हणायचं?

फेब्रुवारीत एकदा मला ताप भरला. मी कामाला जाते त्या दुकानातून अर्ध्या दिवसाने परत आले. आई बचत गटाच्या बैठकीला गेलेली. फाटकाशी पोचले तोच आतून आवाज, फस्, फस्. पाय उचलेना. तरी गेले.

बाबा होते. उकिडवे बसून पंप मारत होते. पंप शेजाऱ्यांचा, त्यावर झाकून आणलेला दुपट्टा बाजूला पडलेला. मला बघून ते चोरासारखे उठले.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"तुह्या आईले सांगू नको." एवढंच म्हणाले. मग पंप दुपट्ट्यात गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता, "मी त्याले रोज म्हणो, फेक ते ट्यूब. आता मीच फुकून राहिलो."

मला राग आला होता, की भूत समजून मी इतके महिने झिजले. आणि रागाच्या खाली बाबांची इतकी कीव आली की तापाचं कारण सांगून मी आत जाऊन पडले.

मे महिन्यात जे व्हायचं ते झालं. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. आई सावलीत तांदूळ निवडत होती, मी शेजारी. बाबांनी सकाळी जरा जास्तच हवा भरली असणार. एकाएकी भिंतीकडून सुस्कारा सुरू झाला, लांबच लांब, आणि आमच्या डोळ्यांसमोर मागचं चाक खाली बसत गेलं. उन्हाने जुनं ठिगळ उचललं होतं. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आवाज संपला तरी आम्ही त्या चाकाकडेच बघत होतो.

बाबा आतून धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईपुढे हात जोडतात की काय असं वाटलं. म्हणाले, "मी आता जातो, नवीन ट्यूब आणतो. याच चाकात टाकतो. कडक भरतो."

"नवीन काहून?" आई म्हणाली. "काढा तं खरी."

बाबांनी स्वयंपाकघरातल्या सराट्याच्या, उलथन्याच्या, दांड्याने टायर उचकटला. ट्यूब बाहेर आली, दादाच्या ओबडधोबड ठिगळांची. गोल कापणं त्याला कधी जमलं नाही. उचललेलं ठिगळ बाबांनी काढून टाकलं, जागा घासली, सोल्युशन लावलं, नवा तुकडा दाबून बसवला. मग त्यांनी खिळ्यावरचा आमचा पंप उतरवला, जाळं पुसलं आणि आईच्या देखत ट्यूबमध्ये हवा भरली. आई बघत होती.

"किती भरता? या महिन्यांत राह्यला एवढा कडक त्याचा टायर कधीच नव्हता," ती शांतपणे म्हणाली.

बाबांचा हात पंपावरच थांबला. तिला माहीत होतं. रोज अंगठा दाबणाऱ्या बाईला कळणार नाही तर कोणाला कळणार? पण बाबांना सकाळी उठायला काहीतरी लागत होतं, हेही तिला कळलं होतं बहुतेक. मला मात्र दोघांपैकी कोणाचंच काही कळलं नव्हतं, आणि म्हणे मी रोखठोक.

"ठिगळ धरलं का पाहा लागन," बाबा कसेबसे म्हणाले आणि गप्प झाले. कारण त्याला घमेलंभर पाणी लागतं.

आईच उठली. घमेलं नळाखाली धरलं, भरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली आणि आणून आमच्यामध्ये ठेवलं. बाबांनी ट्यूब थोडी थोडी करून पाण्यात बुडवली. नवं ठिगळ ठीक होतं. ट्यूब फिरवत फिरवत ते व्हॉल्व्हच्या पलीकडे गेले, आणि दादाच्या एका जुन्या ठिगळाच्या कडेतून एक बुडबुडा वर आला. अगदी बारीक. मग थांबून दुसरा. दादाला इतके दिवस न सापडलेलं भोक ते हेच.

मला तिथे बसवेना. पाण्यातून वर येणारा तो बुडबुडा बघून तिघांच्याही मनात धरणाच्या पाण्याखालचा दादाच आला असणार. आईने पदर खोचला, पाण्यात हात घातला आणि त्या भोकावर बोट ठेवलं. बुडबुडे थांबले.

बाबांनी खडू घेतला. "बोट काढ, मले खूण कराची हाय."

"काढलं की हवा जाते ना जी," आई म्हणाली.

बाबा खडू धरून बसून राहिले. ऊन पायांवर आलं तरी कोणी हललं नाही.