चारशे चारमधली शेगडी

"मॅडम, माझ्या खोलीत पाऊस पडतोय," तीनशे चारमधले पाहुणे फोनवर म्हणाले. जुलै महिना, शारजा, बाहेर पंचेचाळीस डिग्री. आमच्याकडे पाऊस वर्षातून जेमतेम चार दिवस, तोही हिवाळ्यात. पण हे गृहस्थ फुजैऱ्याहून कामासाठी आलेले, जहाजांची पाहणी करणारे सर्व्हेयर होते. थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. मी वर गेले. त्यांच्या पलंगावर, बरोबर उशीच्या जागी, छतातून थेंब थेंब पाणी पडत होतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची ती वर्षं. मी एका फर्निश्ड अपार्टमेंट्सच्या बिल्डिंगची मॅनेजर होते. हा हॉटेल आणि भाड्याचं घर यांच्या मधला प्रकार. पलंग, टीव्ही, भांडी, विजेच्या हॉटप्लेट, सगळं आमचं. तुम्ही कपड्यांची बॅग घेऊन यायचं आणि आठवडा, महिना, दोन महिने राहायचं. असे बत्तीस फ्लॅट माझ्या ताब्यात होते आणि प्रत्येकाच्या दाराला आतून चौदा नियम लॅमिनेट करून लावले होते. ते मीच लिहिलेले. नवरा म्हणायचा, असा एक कागद आपल्या घरी पण लाव, मला सोपं जाईल.

छतातून पाणी म्हणजे वरच्या फ्लॅटचा एसी. मेंटेनन्सवाल्याला घेऊन मी चारशे चारची बेल वाजवली. दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. नऊवारी लुगडं, त्यावर स्वेटर, कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ. आत बघते तर एसीच्या जाळीत बाळाची चार दुपटी कोंबलेली. गार हवेला बाहेर पडायला जागा नाही, त्यामुळे मशिनवर बर्फ साठला होता आणि तो वितळून सर्व्हेयरसाहेबांच्या उशीवर उतरत होता.

हा फ्लॅट अभिजित नावाच्या इंजिनियरच्या नावावर होता. इंडस्ट्रियल एरियातल्या एका फॅक्टरीत त्याची नोकरी. नवं घर ताब्यात मिळायला उशीर झाला, तेवढ्यात बायकोचं बाळंतपण आलं, म्हणून कंपनीने दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सोय केली होती. बायको केतकी, तीन दिवसांची मुलगी, आणि दार उघडलं त्या केतकीच्या आई. लेकीचं बाळंतपण करायला व्हिजिट व्हिसावर इस्लामपूरहून आलेल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि तिथेच अर्धी हरले.

मी नियम सातवर बोट ठेवलं, एसीच्या जाळीला हात लावू नये. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण घरात तुम्ही पौष महिना करून ठेवलाय. ओली बाळंतीण आहे माझी."

बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि या बाईंना थंडी वाजत होती. मी एसी कमी करून दिला, दुपटी काढून घड्या घालून हातात दिली आणि खाली आले. दोन दिवसांनी रस्त्यावरून वर पाहिलं तर चारशे चारच्या बाल्कनीत दोरीवर ओळीने लंगोट फडकत होते. नियम चार. बाल्कनीत कपडे दिसले की बिल्डिंगला दंड व्हायचा. परत वर गेले. मावशींनी दोरी खाली घेतली, पण मला सुंठीची वडी खायला घातल्याशिवाय सोडलं नाही. नियम सांगायला जावं आणि तोंड भरून परत यावं, असं त्या आठवड्यात तीनदा झालं.

आमचे अरबाब, म्हणजे बिल्डिंगचे मालक, रोज संध्याकाळी पाचला येत. ते यायच्या आधी वॉचमन गुलखान मागच्या अंगणात कोळसे पेटवायचा, निखारे बखूरदाणीत भरायचा आणि ती लॉबीत आणून ठेवायचा. बखूर म्हणजे सुगंधी लाकडाचे तुकडे, निखाऱ्यावर टाकले की दाट गोड धूर निघतो. अरबाबना तो वास लागायचाच. त्या धुरात बसून ते तक्रारींचं रजिस्टर वाचायचे. गळतीची तक्रार वाचली, लंगोट त्यांनी स्वतः पाहिले होते. ते हिंदीत म्हणाले, "मॅडम, तुम्हारा मुल्क का आदमी है, इस वास्ते तुम चुप. एक और कंप्लेंट, खलास. उसी दिन बाहर. और बोलेगा कौन? तुम."

मला ते झोंबलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. चौथ्या मजल्यावर सकाळी ओव्याचा वास यायचा. ओव्याचं पाणी उकळत असतील, असं मी स्वतःला समजावायचे आणि जिन्यात उगाच रेंगाळायचे. माझी दोन्ही बाळंतपणं शारजात झाली. दोन्ही वेळा बाबा आजारी, त्यामुळे आईला येता आलं नाही. पहिल्या खेपेला तर तिसऱ्या आठवड्यात मी रिसेप्शनवर उभी होते. ना शेक, ना धुरी, ना कुणी पाठीला तेल लावलं. पाठ तेव्हापासून दुखते. हे सगळं मी अरबाबना काय सांगणार? मी "येस सर" म्हटलं.

बाराव्या दिवशी बारसं. नियम नऊ, सहापेक्षा जास्त पाहुणे आणायचे तर परवानगी घ्यावी. अभिजितने परवानगी मागितली, मी दहाजणांची दिली. आले सत्तावीस. दुबईहून आले, अबू धाबीजवळच्या मुसफ्फाहून आले, शालू नेसून, मुलांना घेऊन. मुलं लिफ्टमध्ये वरखाली करत होती. मी ओरडले तर एक म्हणतो, "आंटी, वी आर जस्ट टेस्टिंग इट." मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे, जाऊ दे.

साडेचारला फायर अलार्म वाजला.

पॅनेलवर दिवा लागला होता तो चारशे चारचा. आमची पद्धत अशी की अलार्म झाला की कारण नंतर शोधायचं, आधी सगळ्यांनी जिन्याने उतरून पार्किंगमध्ये यायचं. बत्तीस फ्लॅटची माणसं त्या भट्टीत येऊन उभी राहिली. सर्व्हेयरसाहेब टॉवेलवर होते. मागून शालूवाल्या बायका, त्यांच्यामागे केतकी बाळाला पदराखाली घेऊन, आणि सगळ्यात शेवटी मावशी, हातात घुगऱ्यांचं पातेलं. केतकीला आणि बाळाला मी गुलखानच्या खोलीत नेऊन बसवलं, तिथे कूलर होता. मावशींनी तोवर पार्किंगमध्ये घुगऱ्या वाटायला सुरुवात केली होती. टॉवेलवाल्यांनाही ओंजळभर मिळाल्या.

आग नव्हती. वर बेडरूममध्ये एका लोखंडी घमेल्यात निखारे होते आणि त्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप नि लसणीची सालं. बाळाला दिलेली धुरी. रोज मावशी हे बाथरूममध्ये करायच्या, एक्झॉस्ट फॅन लावून, म्हणून कधी अलार्म झाला नाही. आज सत्तावीस पाहुण्यांमुळे बाथरूम रिकामं मिळेना, मग त्यांनी बेडरूमचं दार लावून घेतलं. आजचे डॉक्टर तान्ह्या बाळाला धूर देऊ नका म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण तेव्हा कोण ऐकणार.

मी खरंच भडकले. म्हटलं, मावशी, नियम अकरा मी तुम्हाला स्वतः मराठीत वाचून दाखवला होता, फ्लॅटमध्ये विस्तव पेटवायचा नाही.

"मी कुठं पेटवला?" मावशी म्हणाल्या. "त्या गुलखाननं पेटवलेला. त्याच्याकडनं रोज आणते मी."

गुलखान जमिनीकडे बघत उभा होता. म्हणाला, मॅडम, अम्माने मांगा, मैं ना कैसे बोलता. अंगणात कोळसे पेटवायचा तेव्हा तो मूठभर निखारे बाजूला राखेत पुरून ठेवायचा, आणि सकाळी ते फुलवून अम्मांचं घमेलं भरायचा. आज बारसं म्हणून संध्याकाळचा वेगळा वाटा दिला होता.

इतक्यात सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे तिथल्या अग्निशमन दलाची, गाडी आली. अधिकारी तरुण होता, अरब, इंग्लिश बोलणारा. तो तपासणीला वर गेला आणि त्याच वेळी दारातून अरबाब आत शिरले. लॉबीत बखूर जळत होता. त्यांनी मला, अभिजितला आणि मावशींना समोर उभं केलं.

"खलास," ते म्हणाले. "मॅडम, बोलो इनको. मगरिब से पहले खाली करना."

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. दोन तास होते. अभिजितचा चेहरा पांढरा पडला. बारा दिवसांची मुलगी, बाळंतीण, सासूबाई, आणि जुलैत शारजात दुसरं घर ऐनवेळी कुठून मिळणार? मावशींना हिंदी कळत नव्हतं, पण खलास कळलं. हातातलं पातेलं त्यांनी छातीशी धरलं. मी तोंड उघडलं आणि मला ते शब्द बोलता येईनात.

आता एक कबुली द्यायला हवी. लॉबीच्या छताला पण स्मोक डिटेक्टर होता, धूर ओळखणारी ती छोटी डबी. रोज बखूर जळूनही ती वाजत नव्हती, कारण गुलखानने तिच्यावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली होती. टोपी माझ्या हाउसकीपिंग स्टोअरमधली. त्याने माझ्याकडेच मागितली होती, कशासाठी ते मला ठाऊक होतं, आणि मी दिली होती. चौदा नियम लिहिणारी मी.

"अरबाब, वर बघा," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. टोपीला फुलाफुलांचं डिझाइन होतं.

"ऑफिसर खाली आला की मी त्याला हे सांगणार आहे. टोपी मी दिलेली आहे. कोळशासाठी यांना काढायचं असेल, तर आधी मला काढा."

हे मी हिंदीत कसं म्हटलं आठवत नाही. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, मुलांची शाळा होती, सगळं डोळ्यांपुढून गेलं. अरबाबांनी एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा बखूरदाणीकडे.

ऑफिसर उतरला. मी त्याला टोपी दाखवली. तो अरबाबांशी अरबीत बराच वेळ बोलला, आवाज न चढवता, आणि अरबाब मान खाली घालून ऐकत होते. मग त्याने मला निकाल इंग्लिशमध्ये सांगितला. बिल्डिंगला लेखी वॉर्निंग. टोपी आत्ताच्या आत्ता काढायची. यापुढे इमारतीच्या आत कोळसा नाही, कुणाचाही नाही. मागच्या अंगणात, उघड्यावर, चालेल.

तो गेल्यावर अरबाब सोफ्यावर बसले. गुलखानने शिडी आणून टोपी काढली.

"मॅडम, तुमने मेरा बखूर भी बंद करवाया," ते म्हणाले आणि एकदम हसू लागले. मग मावशींकडे बोट करून विचारलं, धुरात काय घालता? मी एकेक नाव सांगत गेले. धूप म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांची आई पण घरात मूल झालं की चाळीस दिवस काहीतरी जाळायची म्हणे.

त्या संध्याकाळी कुणीच बाहेर गेलं नाही. तळमजल्यावर एक फ्लॅट होता, मागचं दार अंगणात उघडणारा. कचऱ्याचे डबे जवळ म्हणून तो कुणी घेत नसे. मगरिबच्या आत मावशींचं सामान तिथे उतरलं. सामान उचलणाऱ्यांत सर्व्हेयरसाहेब पण होते, आता शर्टपँटमध्ये. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, केतकीला अंगणात शेक मिळू लागला. धुरी मात्र बंद, ते केतकीनेच आईला बजावलं. संध्याकाळी त्याच जागी अरबाबांचा बखूर जळे आणि ते खुर्ची टाकून रजिस्टर तिथेच वाचत. नियम अकरा मी नव्याने लिहिला आणि लॅमिनेट करण्याआधी त्यावर अरबाबांची सही घेतली.

दीड महिन्याने नवं घर मिळालं. जायच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात चावी घ्यायला गेले. मावशींनी शेगडीजवळचा पाट पुढे सरकवला.

"बस हितं. पाठ कर इकडं. दोन बाळंतपणं कोरडी काढलीस म्हणे."

केतकीने सांगितलं असणार, तिच्यापाशी मी एकदा बोलले होते. मी म्हटलं, मावशी, ड्यूटीवर आहे, पाहुण्यांच्या दारात बसायचं नाही असा स्टाफला माझाच नियम आहे. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि हाताला धरून बसवलं. पंधरा मिनिटं बसले. आत रिसेप्शनचा फोन दोनदा वाजला. मी वाजू दिला. डोळ्यांतून पाणी आलं ते निखाऱ्यांमुळे, असं मी गुलखानला सांगितलं.

पाठदुखी काही गेली नाही, ती आजही आहे. पण त्यानंतर कामाला घेतलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं. पाहुण्यांना नियम दाखवायला वर जाणार असशील तर जाताना आपल्या लॉबीचं छत एकदा बघून जा.