दोनशेपैकी वीस ताटं

सांगलीजवळच्या सरकारी शेतावरचे मुकादम नाथाजी नजरेचे पक्के. कणीस हातात घेऊन वाण सांगायचे. पण पक्क्या माणसाची चूकही पक्कीच असते.

एकोणीसशे एक्केचाळीसच्या रब्बीत शेतावरच्या गोपाळकृष्ण साहेबांनी शाळू ज्वारीच्या दोन वाणांचा संकर करून त्याच्या दुसऱ्या पिढीचं बी नाथाजींकडे दिलं.

"दोन्ही वाणांत एकेक छुपी खोड आहे," साहेब म्हणाले. "एकेकटी काही करत नाही. दोन्ही एकाच ताटात, एकाच रोपात भेटल्या, की काणी धरते, दाण्याजागी काळी पूड भरते. सोळा ताटांत असं एखादं. म्हणून दोनशे ताटं वाढवा."

"साहेब, शितावरनं भाताची परीक्षा हुती की."

"भाताची होते, नाथाजी. भातातल्या खड्याची नाही."

नाथाजी हसण्यावारी नेऊन मोकळे झाले. पुढे विहीर आटली. पाणी पुरेना, तेव्हा त्यांनी वीस ताटं जगवली, बाकीची वाळू दिली. विसांत काणी नव्हती.

"काणी न्हाई," त्यांनी छातीठोक सांगितलं. किती ताटांत, ते गिळलं. त्यांच्या शब्दावर बी वाढवून गावोगाव गेलं. एक पोतं तर त्यांनी स्वतः मिरवत कुंडलला, लेक मनूच्या सासरी टाकलं. नव्याच्या भरवशावर जावई भाऊसोने घरचं जुनं बी दळून खाल्लं.

त्रेचाळीसला सुगीच्या तोंडावर शिराळ्याकडे त्याच बियाला काळी कणसं निघाल्याची बातमी नाथाजींना कळली. काणीचं एक कणीस मळणीत तुडवलं गेलं, की त्याची पूड साऱ्या दाण्यांना लागते. पुढच्या सालचं बियाणं बाद. बियाला गंधक चोळावा, तर लढाईपायी तो कुठे मिळत नव्हता. ते तसेच कुंडलला धावले.

अर्धं रान कापून झालं होतं. उभ्या शाळूत शिरून ते एकेक कणीस चाचपू लागले. भाऊसो मागून हसत होता.

"मामा, वीस ताटं झाली की! एक तरी काळं हाय का?"

 ह्याच विसांनी नाथाजींना एकदा फसवलं होतं. ते पुढे सरकत राहिले. एकवीस. बावीस.

तेवढ्यात खळ्यावरून मनूची हाक आली. सकाळपासून तिने कापलेल्या कणसांवर मळणीसाठी बैलांची पात धरली होती.

"आबा, बैलांची खुरं काळी कशानं झाली वो?"

नाथाजी खळ्यावर आले आणि त्यांनी बैलाच्या खुरावरची काळी पूड बोटाने पुसली.

"वीसच बगितली हुती गं मी," ते म्हणाले.